वाऱ्याला कल्हई

एसीच्या सर्व्हिसिंगला तुमच्याकडे किती खर्च येतो, असं कुणी विचारलं की मी आधी विषय बदलून बघते. खरं उत्तर दिलं तर समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने पाहायला लागतो. आमच्याकडे कित्येक वर्षं हा खर्च तोळ्यावर होता. तोळ्याला वीस रुपये. सोन्याच्या नव्हे, धुळीच्या. एसीतून निघेल तेवढी धूळ वाळवायची, काट्यावर तोलायची आणि त्या वजनाचे पैसे द्यायचे. हा दर ज्यांनी लावला आणि शेवटपर्यंत बदलला नाही ते रशीदभाई. जुन्नरचे कल्हईवाले.

एसी आम्ही विकत घेतलेला नव्हता. नव्वदीच्या अखेरीस माझ्या मुंबईच्या दिरांनी नवा एसी घेतला आणि जुना, खिडकीत बसवायचा, टेम्पोत घालून कळंबला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी होती की आईला उन्हाळ्यात उपयोगी पडेल. मी तेव्हा हायस्कुलात गणित शिकवत होते, आमचे हे पोस्टात होते. दोघांच्या पगारात एसी बसत नव्हता, पण भिंतीत बसला. सासूबाईंना तो आवडला नाही. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी असलं गुरगुरणारं धूड नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे भारनियमन आलं आणि गुरगुरणं आपोआप निम्मं झालं. तरी धूळ बसायची ती बसतच होती. पुण्याहून माणूस बोलवायचा तर त्याच्या येण्याचे वेगळे, बघण्याचे वेगळे आणि बघून मान हलवण्याचे वेगळे पैसे लागत. मग पोस्टात कुणीतरी ह्यांना रशीदभाईंचं नाव सांगितलं.

पहिल्यांदा आले तेव्हा होळी नुकतीच झाली होती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी "कल्हईऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि शेजारच्या दोघी पितळेची पातेली घेऊन बाहेर आल्या. त्यांना परत पाठवताना रशीदभाई फार ओशाळले. तीस वर्षांची सवय होती, तोंडातून दुसरं काही निघत नव्हतं. मध्यंतरी त्यांनी "एसीऽऽ" असं ओरडून पाहिलं होतं, पण लोकांना वाटायचं एसटी आली, आणि माणसं पिशव्या घेऊन धावत सुटायची. त्यापेक्षा कल्हई बरी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बारीक अंगकाठी, खाकी शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर विणलेली टोपी. दारात चप्पल काढून "जयभीम बाई" म्हणाले आणि जमिनीवर बसले. स्टुलावर ते कधी चढत नसत. एसीच खाली उतरवून घ्यायचा. त्यासाठी आमचे हे आणि शेजारचे दोघे लागायचे. एसी समोर आला की आधी त्याच्या अंगावर बोटाने टिचकी मारून कान देऊन ऐकायचे, जसं पातेलं वाजवून बघतात तसं. मग पिशवीतून निघायचा बापाच्या वेळचा चामड्याचा भाता, उवा काढायची लाकडी फणी आणि पितळी पारड्यांचा छोटा काटा. भात्याने आत वारा मारायचा, फणीने आतले वाकलेले पत्रे विंचरायचे. धूळ वर्तमानपत्रावर गोळा करायची. फिल्टर धुतलेलं पाणीसुद्धा फडक्यातून गाळायचे. हे सगळं अंगणात उन्हात वाळत घालून ते चहाला बसले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं की आता कशाची वाट बघताय.

"वाळू द्या, मावशी," ते म्हणाले. "वली तोलली तर तुमचं नुकसान."

सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वारा फुकट येतो आणि त्याला कल्हई लावायचे पैसे, असं त्या पुटपुटल्या. त्या दिवशी साडेसहा तोळे निघाले. एकशे तीस रुपये मोजून घेतल्यावर रशीदभाईंनी ती धूळ कागदाच्या पुडीत बांधली, वर पेन्सिलीने 'कळंब, बाई, साडेसहा तोळे' असं लिहिलं आणि पुडी माझ्या हातात दिली. मी ही काय करू, म्हटलं. ते म्हणाले, "तुमचा माल तुमाला. मी फकस्त कामाचे पैसे घेतो." मी ती मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली, तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला. पुढच्या खेपेपासून मी त्यांच्यादेखत पुडी कपाटात ठेवायला लागले.

हे तोलण्याचं वेड बापाकडून आलेलं. कल्हईवाला कथील कमी लावतो, असा लोकांचा कायम संशय. म्हणून रशीदभाईंचे वडील भांड्याला कथील लावायच्या आधी मालकिणीसमोर तोलायचे. बिनतोललेला पैसा पोटात जात न्हाई, घशात बसतो, हे त्यांचंच वाक्य. पुढे घराघरात स्टीलची भांडी आली. स्टीलला कल्हई लागत नाही. रशीदभाई मंचरला बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजात पोती उचलायला लागले. एके दिवशी तिथे गॅस थोडा सुटला आणि सगळे हमाल नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. रशीदभाई एकटे आत उभे. बाहेर ओढून विचारलं, तर म्हणाले, "आमच्या बापाचा वास हाय ह्यो." कल्हई करताना नवसागर तापवला की असाच वास सुटतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते गॅसमुळे की बापामुळे हे त्यांना सांगता येईना. तिथल्या साहेबाची समजूत झाली की या माणसाला यंत्रातलं काहीतरी कळतं, आणि त्याने त्यांना पोत्यांवरून काढून यंत्रावर लावलं. त्या गैरसमजाला जागून रशीदभाई खरोखरच काम शिकले.

धूळ मात्र त्यांना कुणी शिकवली नव्हती. चिमूटभर बोटांत घेऊन चोळायचे आणि घराची खबर सांगायचे. अमक्याकडे या महिन्यात भाकऱ्या जास्त झाल्या, तमक्याकडे उदबत्ती बदलली. नारायणगावला एका घरात त्यांना धुळीत पिवळट रंग दिसला आणि त्यांनी मुलीच्या लग्नाबद्दल मुबारक म्हटलं. घरच्यांनी ती गोष्ट अजून भावकीलाही सांगितली नव्हती. हळद मात्र आधीच दळून ठेवली होती. आमच्या धुळीत खडूची भुकटी निघायची, ती माझ्या शिकवण्यांची. एकदा त्यांनी राखाडी चिमूट वेगळी काढली, आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि परत ढिगात मिसळून टाकली. ह्यांनी विडी सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती, निदान मला तसं सांगण्यात आलं होतं. मी नंतर खोदून विचारलं, तर म्हणाले, घाण खोटं बोलत न्हाई बाई, पण मी चुगली करत न्हाई. मला जे कळायचं ते कळलं.

तोलणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती झाली आणि त्यातून नको ते वाद त्यांच्या गळ्यात यायला लागले. खोडदच्या एका टोमॅटोवाल्या शेतकऱ्याने दीड टनाचा एसी घेतला होता. दीड टन म्हणजे काय हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याची पिकअप तेवढाच माल वाहायची. म्हणून त्याने खिडकीखाली सिमेंटचा खांब उभा केला होता. रशीदभाई गेले तेव्हा त्याचं म्हणणं असं पडलं की दुकानदाराने फसवलंय, चार माणसांनी उचललाय, दीड टन भरूच शकत नाही, तुम्ही तोलून द्या. रशीदभाईंनी त्याला तासभर बसून सांगितलं की हा टन बर्फाचा हिशेब आहे, थंडी किती पाडतो त्याचा. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की मग वजनाप्रमाणे दीड टन थंडी येते की नाही, ते कशावर तोलायचं. रशीदभाईंनी खांबाची तारीफ केली आणि पावणेचार तोळ्यांचे पैसे घेऊन निघाले.

ओतूरचे कांद्याचे आडतदार त्यांना पुरून उरतील अशी आमची अटकळ होती. या गृहस्थांच्या एसीतून नऊ तोळे निघाले. आडतदार म्हणाले, धुळीत ओल असणार, कडता धरा. शेतकऱ्याच्या कांद्यातून ओल आणि माती म्हणून जे वजन कापतात तो कडता. आयुष्यभर दुसऱ्याला लावला, तो आज आपल्याला लावून घ्यावा असं त्यांना वाटलं. रशीदभाई लगेच कबूल झाले. अर्धा तोळा कडता धरला. मग त्याच कागदावर एसी उतरवण्याची हमाली लिहिली, धुळीची तोलाई लिहिली, आडतीच्या पावतीवर असते ती वाराईसुद्धा लिहिली. बिल सव्वापट झालं. आडतदारांनी कागद दोनदा वाचला. आपल्याच पावतीसारखा दिसल्यामुळे त्यांना भांडता येईना.

त्यांच्या फेऱ्या वर्षाला दोन, होळीनंतर आणि दिवाळीनंतर. दर वजनावर म्हटल्यावर माणूस जे करतो तेच सगळ्यांनी केलं. रशीदभाई उद्या येणार असं कळलं की आदल्या दिवशी कळंबपासून मंचरपर्यंत एसी असलेल्या घरांच्या गच्चीवर फिल्टर वाळत पडायचे. यात आमच्या सासूबाई सर्वांत पुढे. दुपारी टूथब्रश घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, येऊ दे त्याला आता काटा घेऊन. पुढे आदल्या दिवसापर्यंत थांबणंही परवडेना, कारण त्यांची फणी खोलवरची धूळ काढायची. मग लोक पंधरवड्याला धुवायला लागले. आमचे साडेसहाचे तीन तोळे झाले, तिनाचा एक झाला. एसीही आधीपेक्षा गार करायला लागला, पण याचं श्रेय आम्ही आमच्या हुशारीला दिलं. रशीदभाई पाऊण तोळ्याचे पंधरा रुपये घेऊन, चहा पिऊन, पुडीवर नाव घालून जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नाराजी दिसली नाही, म्हणून आम्हालाही लाज वाटली नाही.

लाज वाटायला लावली ती सलीमने. हा त्यांचा मुलगा. त्याने नारायणगावला स्टँडसमोर दुकान टाकलं होतं आणि तो वार्षिक करार करायचा. वर्षाला ठरलेली रक्कम द्या, दोनदा माणूस येईल, धूळ कमी निघो की जास्त. बापाच्या पद्धतीत एसटीचं भाडंही सुटत नव्हतं, हे त्याला दिसत होतं. एका शिमग्याआधी त्याने बापापुढे पैज ठेवली. ती रशीदभाईंनीच, फेरी नसताना येऊन, आम्हाला आमच्या अंगणात बसून सांगितली, अगदी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. होळीनंतरच्या फेरीत सगळ्या घरांची मिळून शंभर तोळे धूळ भरली तर त्यांनी खुशाल तोलत फिरावं. नाही भरली तर काटा बंद, आणि त्यांनी दुकानात गल्ल्यावर बसायचं.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"काय करायचं, बाई? घाण आसंल तर आसंल." काटा पुसून त्यांनी पिशवीत ठेवला. पारडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे फडकं घालायला ते विसरले नाहीत.

ते गेल्यावर मी कागद घेऊन बसले. मी गणिताची बाई, मी हिशेब केला. त्यांची चाळीस घरं, म्हणजे घरटी अडीच तोळे. आमच्याकडे आता अर्धाही निघत नव्हता. हे पोस्टात असल्यामुळे निरोप पोचवायला अडचण नव्हती. होळीच्या आत जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या चाळीसही घरांना कळलं की यंदा धुवायचं नाही. पण धुण्याची सवय लागलेली. सासूबाईंनी पैज कळायच्या आधीच आमचा फिल्टर चकाचक करून ठेवला होता, आणि आता त्यात वाऱ्याने काही बसायला वेळ नव्हता. मग शाळेच्या मैदानावरून मी डबाभर माती आणली, मैद्याच्या चाळणीने चाळली आणि एसीत भरली. पाच तोळे, घरातल्या वजनकाट्याने अंदाज घेऊन. सासूबाईंनी वरून चुलीतली मूठभर राख घातली. ज्या बाईने सात वर्षं गुंजभर धुळीसाठी हुज्जत घातली, ती म्हणत होती, कमी पडाय नको बिचाऱ्याला.

आमचं घर फेरीतलं शेवटचं होतं. रशीदभाई आले, टिचकी मारली, ऐकलं. भाता मारला तेव्हा अंगणात लाल ढग उठला. त्यांनी सगळं कागदावर घेतलं, चिमूट उचलून चोळली आणि बराच वेळ चोळतच राहिले.

"ह्यो शाळंच्या मैदानाचा मुरूम हाय," ते म्हणाले. "वाऱ्याची धूळ मऊ आसती, लोकरीवानी. ही टोचतीया. आन ही राख चुलीची. मावशी, ह्या खोलीत चूल कवा व्हती?"

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं ते रागावतील, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. सगळीकडे हेच झालं होतं. मंचरच्या डॉक्टरांनी गाळलेली वाळू घातली होती. खोडदवाल्याने घमेलंभर काळी माती कोंबली आणि त्याचा एसी कायमचा बसला. ओतूरच्या आडतदारांनी कांद्याची पत्ती, म्हणजे वरची सुकी सालं, भरली होती, आणि कडता मागितला नव्हता. सगळं तोललं असतं तर मणावर गेलं असतं. रशीदभाईंनी प्रत्येक घरात बसून बाहेरून आणलेली माती वेगळी काढली आणि उरलेलं तोललं होतं. आतापर्यंत भरले होते एकतीस तोळे.

मी म्हटलं, "रशीदभाई, घ्या ना तोलून. आमच्या समाधानासाठी."

"तुमी आदल्या दिशी धुता, ते मला पयल्या वरसापासून ठावं हाय, बाई. ह्या हातानं तीस वरसं भांडी हाताळली, वला फिल्टर कळत न्हाई व्हय मला?" ते मुरूम कागदावरून बोटाने बाजूला सारत होते. "म्हणून तर तोलत व्हतो. पैसा वजनावर आसला का माणूस जपतो. माझं काम तुमीच करायला लागला, आजून काय पायजे?"

मग त्यांनी उरलेलं, म्हणजे खरोखर काही उरलेलं नव्हतं ते, पारड्यात घातलं. दुसऱ्या पारड्यात एक गुंज टाकली. धुळीचं पारडं जे वर गेलं ते खाली आलंच नाही. ते किती तरी वेळ बघत बसले, आपल्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखे. एवढं साफ यंत्र उभ्या जन्मात बघितलं नाही, म्हणाले. मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. रिकाम्या कागदाची घडी घालून पुडी बांधली, वर पेन्सिलीने 'कळंब, बाई, काही नाही' असं लिहिलं आणि माझ्या हातात दिली. तिच्यात काही नव्हतं, तरी मी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यानंतर ते गल्लीतून गेले ते आरोळी न देताच.

काटा बंद झाला. आम्हा सगळ्यांनाच अपराधी वाटत होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनीच सलीमचा वार्षिक करार घेतला. मुलाचं भलं ते बापाचं भलं, अशी मी मनाची समजूत घातली. सलीमची माणसं वेळेवर यायची, धूळ बादलीत भरून घेऊन जायची आणि पावतीवर सही घ्यायची. त्यांचा काही त्रास नव्हता. सासूबाई त्या साली गेल्या आणि टूथब्रश कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही.

दोनेक वर्षांनी एका लग्नाहून परत येताना नारायणगावला एसटी बदलायची होती. समोर सलीमचं दुकान दिसलं म्हणून गेले. रशीदभाई गल्ल्यावर बसले होते. शर्ट आता पांढरा होता आणि बाकी काही बदललं नव्हतं. "जयभीम बाई" म्हणून उठले, माझ्यासाठी खुर्ची पुसली. धंदा कसा आहे विचारलं. लई हाय, म्हणाले. पोरगं बराबर बोलत व्हतं, बाई. पण करार केल्यापासून कुणी धुवत न्हाई. एकेका घरातून सहा-सहा, आठ-आठ तोळे निघतात. माझ्या दरानं तोललं आसतं तर आज बंगला आसता. असं म्हणून ते स्वतःच हसले. मी म्हटलं, तुम्हाला तोळे कसे कळले? त्यांनी गल्ल्याखालचा खण जरासा उघडून दाखवला. आत काटा होता, पारड्यांच्या मधे फडकं घातलेलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणतंय यंत्र?"

"अजून पारडं खाली येत नाही," मी म्हटलं. एवढी वर्षं मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगितलं, पण हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मला स्वतःलाच नवल वाटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर शंका घेतल्याची कुठलीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. खणात हात घालून त्यांनी चाचपलं आणि एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कळंब, बाई, सात तोळे.'

"मंग ही दुसऱ्या कुणाची तरी आसंल," ते म्हणाले. "नाव चुकून तुमचं पडलंय. तरी घेऊन जावा. माल कुणाचा का आसंना, हितं ठेवून काय करू?"

तेवढ्यात कळंबची गाडी लागली. मी पुडी घेतली आणि निघाले. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते खुर्चीजवळ उभे होते आणि गाडी सुटेपर्यंत बसले नाहीत. नंतर दोन वर्षांनी ते गेल्याचं ह्यांना पोस्टात कळलं. माझी त्यांची भेट ती शेवटची.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा संध्याकाळचं भारनियमन सुरू झालं होतं. हे म्हणाले, आधी चहा टाक. मी पुडी कपाटात जुन्या पुड्यांशेजारी ठेवली, पदर खोचला आणि चहाच्या आधी फिल्टर काढायला घेतला.